मनगटावरची तार

डॉक्टरांनी माझ्या धाकट्या बहिणीला उजवा हात टेबलावर उताणा ठेवावयास सांगितले, अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला टेकवावयास लावले, आणि “आता मनगट थोडं आत वाकवा, ताई,” असे म्हणून ते खुर्चीत पुढे सरकून, सराफाने कसोटीच्या दगडावरील रेघ निरखावी तसे, तिच्या मनगटाकडे निरखून पाहू लागले. मनगटाच्या मधोमध त्वचेखालून जी एक दोरी ताठ उठून दिसावयास हवी होती ती उठली नाही. तेथे नितळ, सपाट त्वचा आणि तिच्यातून अंधुक दिसणाऱ्या दोन निळ्या शिरा एवढेच होते. “इथे नाही,” ते म्हणाले, आणि आवाजात यत्किंचितही आश्चर्य न दाखविता त्यांनी डावा हात पुढे करावयास सांगितले. डाव्या मनगटावर मात्र अंगठा करंगळीला भिडताक्षणी, खुंटी पिळताच तंबोऱ्याची तार ताणली जावी तशी, एक बारीक सरळ रेषा वर आली. डॉक्टरांनी ती आपल्या तर्जनीने एकदा हलकेच छेडून पाहिली. “आहे,” ते म्हणाले, “काम झालं.”

त्याच्या सहा आठवडे आधी, लोणच्याची काचेची बरणी विसळत असता ती हातातच फुटून बहिणीच्या उजव्या अनामिकेच्या मुळाशी एक खोल चीर पडली होती. जवळच्या एका दवाखान्यात त्वचेला टाके घालण्यात आले, टाके यथाकाल निघाले, जखम भरून आली, आणि घरातील सर्वांनी ते प्रकरण निकालात निघाले असे मानले. परंतु बोट वाकेना. मूठ मिटू गेल्यास इतर बोटे तळहाताकडे येत आणि अनामिका तेवढी ताठ बाहेर राही. आम्ही तिला धीर धर म्हणत राहिलो; लेप झाले, शेक झाले, नवसही बोलले गेले. बोट वाकविणाऱ्या दोन्ही कंडरा, म्हणजे आतल्या दोऱ्या, त्या काचेने तोडल्या आहेत आणि त्यांची टोके तळहाताच्या आत आखडून गेली आहेत, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही. टाके घालताना कोणी एकदा “हे बोट वाकवून दाखवा” म्हटले असते तर पुढचे पुष्कळ टळले असते, ही रुखरुख मला अद्याप आहे. पुण्याच्या शल्यविशारदांनी हात पाहून सांगितले, की आता ती टोके एकमेकांस भेटणार नाहीत. मध्ये नवी दोरी घालावी लागेल, आणि ती दोरी तिच्याच देहातून काढावी लागेल. अशा कामासाठी देहाने जणू राखून ठेवलेली एक दोरी मनगटावर असते, मात्र ती प्रत्येकाच्या मनगटावर असेलच असे नाही, हे मी आयुष्यात प्रथम त्या टेबलाशी ऐकले.

या दोरीचे वैद्यकातील नाव पामॅरिस लाँगस. कोपराच्या आतील बाजूच्या हाडापासून एक लहानशी, चिंचोळी मांसपेशी निघते, ती हाताच्या मध्यापर्यंत येते न येते तोच तिची लांब, चपटी कंडरा होते, आणि ती कंडरा मनगटावरून जाऊन तळहाताच्या त्वचेखालील जाड आवरणात पसरून विरून जाते. मनगट वाकविण्यास ती थोडा हातभार लावते, तळहाताची त्वचा किंचित ताणते, आणि या दोन्ही कामांना तिच्याहून सबळ असे दुसरे कामगार तेथे हजर असतातच. म्हणून ती काढून घेतली तरी हाताला तिची उणीव भासत नाही, आणि ज्यांच्या हाती ती जन्मतः नाही त्यांची पकड इतरांहून उणी ठरत नाही, हे मापून पाहिलेले आहे. शल्यविशारदास ती दोरी हाताशीच, त्वचेच्या लगत, पुरेशा लांबीची आणि अल्प प्रयासात मिळणारी अशी असल्यामुळे कंडरा उसनी घ्यावयाची म्हटली की त्याची दृष्टी प्रथम तिकडे वळते. परंतु ती काढण्यापूर्वी ती आहे की नाही हे पाहणे अगत्याचे असते, आणि याचे कारण मला डॉक्टरांनी सांगितले तेव्हा अंगावर काटा आला: त्याच दोरीच्या लगत, किंचित खाली, मनगटातील मुख्य मज्जातंतूची वाट असते, अंगठ्याची हालचाल आणि बोटांचा स्पर्श ज्या तंतूवर अवलंबून तो मीडियन तंतू, आणि जेथे दोरी नाही तेथे घाईने शोधणाऱ्या हाताला तो तंतूच दोरी भासल्याचे, व कापला गेल्याचे, दाखले वैद्यकाच्या दफ्तरी नोंदलेले आहेत. अंगठा करंगळीला टेकविण्याचा तो साधा, मुलांच्या खेळासारखा दिसणारा प्रयोग एवढ्या मोठ्या अनर्थाला आळा घालतो.

आपल्या बोलीत या दोरीला नाव नाही. मनगट वाकवून ती दाखविली तर आपल्याकडील दहांतील नऊ माणसे तिला ‘शीर’ म्हणतील, उरलेला एखादा ‘नस’ म्हणेल. शीर म्हणजे रक्त वाहणारी, नस म्हणजे तीच किंवा मज्जातंतू, आणि ही तर दोहोंपैकी काहीच नव्हे. ‘स्नायू’ या शब्दाची कथा तर याहून चमत्कारिक आहे. आज मराठीत स्नायू म्हटले की आपण मांसल पेशी समजतो, व्यायामशाळेतील तरुणाचे दंड डोळ्यांपुढे आणतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मात्र स्नायू म्हणजे बांधणारे, आवळणारे तंतू, आणि फळ्यांची नौका अनेक बंधनांनी घट्ट बांधली म्हणजे जशी पाण्यावर भार वाहू शकते तसा मनुष्यदेह स्नायूंनी बांधला गेल्यामुळे भार सोसतो, असा सुंदर दृष्टान्त तेथे आहे. तेथेच स्नायू नऊशे, पेशी पाचशे, आणि मोठ्या दोरखंडांसारख्या कंडरा सोळा, अशी गणती आहे. त्या सोळांपैकी चार हातांत, आणि हातापायांच्या कंडरांचे शेवटचे अंकुर म्हणजे नखे. ‘अग्रप्ररोह’ हा तेथील शब्द मला फार आवडतो. कोपराकडून निघालेली एखादी वेल बोटांच्या टोकाशी नखाच्या रूपाने उमलावी अशी ती कल्पना आहे. आणि हे सर्व नुसते ध्यानात बसून रचलेले नव्हते. देह मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा, आणि मग वाळ्याच्या, बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा, हा विधी त्याच ग्रंथात सांगितला आहे. ज्यांनी अशा रीतीने पाहिले त्यांच्या नजरेस एखादा देह दुसऱ्याशी जुळत नाही हे आल्यावाचून राहिले नसणार; पण शास्त्राला गणती हवी असते आणि गणती एकच असावी लागते, म्हणून ग्रंथात नऊशे म्हणजे सर्वांचे नऊशे.

पुण्याहून सातारला परतलो त्या रात्री जेवणे झाल्यावर मी घरातील सर्वांना ओटीवर बसविले आणि हात पुढे करावयास सांगितले. बाहेर अजिंक्यताऱ्यावरून उतरलेला पाऊस पन्हळीतून धो धो पडत होता, आणि आत कंदिलाच्या उजेडात आम्ही अकरा माणसांची बावीस मनगटे पाहिली. आईने बांगड्या कोपराकडे सारल्या. तिच्या कृश, सुरकुतलेल्या मनगटांवर दोन्हीकडे तार इतकी स्पष्ट उठली, की धाकट्या पुतण्याने ती बोटाने ओढून पाहिली. थोरल्या बंधूंच्या दोन्ही हातांवर होती. वहिनींच्या एकाही हातावर नव्हती, आणि “म्हणजे माझ्यात काही कमी आहे का, भाऊजी?” असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांच्या स्वरातील भीती मला ऐकू आली, त्या हातांनी पंचवीस वर्षे या घरासाठी विहिरीचे पाणी ओढले होते. आत्याच्या एका हाती दोन तारा, शेजारी शेजारी, अशा उठल्या. माझ्या स्वतःच्या उजव्या हातावर आहे, डाव्यावर नाही, म्हणजे बहिणीच्या अगदी उलट; एकाच आईच्या पोटी, एकाच वाड्यात वाढलेली आम्ही दोघे भावंडे, आणि अर्धशतक होत आले तरी आमच्या हातांतील ही तफावत आम्हांस ठाऊक नव्हती.

ही तफावत किती सर्वत्र आहे ते पुढे वाचनात आले. ही पेशी काही देहांत नसते हे इटलीतील रिआल्दो कोलंबो याने १५५९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथातच नोंदविले होते, म्हणजे ही वार्ता चारशे वर्षांहून जुनी आहे. १९४४ साली अमेरिकेतील संशोधकांनी १६०० हात उघडून पाहिले, तेव्हा शंभरातील सुमारे तेरा हातांत ती आढळली नाही. सिंगापुरातील चिनी लोकांत ती नसण्याचे प्रमाण शेकडा पाचाच्याही आत भरले. आफ्रिकेच्या अनेक भागांत ते असेच अल्प आहे. आणि तुर्कस्तानात गाझिआन्तेप येथील एका पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांच्या किमान एका हाती ती नव्हती. म्हणजे एका देशातील पाठ्यपुस्तकाने ‘क्वचित नसते’ म्हणावे आणि दुसऱ्या देशातील विद्यार्थ्याने ते वाचून आपल्या वर्गात नजर टाकावी तर निम्म्यांहून अधिक जण त्या ‘क्वचित’मध्ये मोडावेत. ‘अपवाद’ या शब्दाचा आधार घेऊन जे शास्त्र लिहिले जाते त्याची मला त्या दिवसापासून शंका वाटू लागली.

आणि येथे साताऱ्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हाती शंभराहून अधिक वर्षे जो ग्रंथ आहे, तो हेन्री ग्रे यांचा शरीररचनाशास्त्रावरील ग्रंथ, १८५८ साली लंडनात प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे, ज्यांच्यामुळे तो ग्रंथ खरोखर टिकला, हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाच्या तरुण डॉक्टरने काढली होती. अवयवाचे नाव अवयवावरच, त्याच्या वळणाप्रमाणे वळवून, लिहिण्याची त्याची पद्धत इतकी उपयुक्त ठरली, की विद्यार्थ्याला चित्र आणि सूची यांमध्ये येरझारा घालाव्या लागत नाहीत. ग्रंथ छापून बाहेर पडला तेव्हा कार्टर लंडनात नव्हता. त्याच वर्षी तो मुंबईस आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला, आणि पुढे १८६३ पासून १८७२ पर्यंत आमच्या साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. ज्या हाताने हातांची ती आदर्श चित्रे काढली तो हात नऊ वर्षे या गावात वावरला, येथील कुळवाड्यांच्या, विणकरांच्या, कोल्हाट्यांच्या नाड्या त्याने पाहिल्या, हे मनात आले म्हणजे मला गहिवरून येते. त्याच्या चित्रातील हात नीटनेटका आहे. त्यात प्रत्येक कंडरा आपापल्या जागी, आपापल्या बोटाकडे, कोणाला न अडविता जाते. असा हात असतो हे खरेच. पण तो सर्वांचा नसतो.

हे सर्वांत ठामपणे कोणी सांगितले असेल तर लंडनच्या किंग्ज कॉलेजातील जॉन वुड यांनी, आणि त्यांचे म्हणणे जगाच्या कानी गेले ते डार्विनमुळे. १८७१ सालच्या मनुष्याच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात डार्विनने वुड यांच्या नोंदींचा हवाला दिला आहे: ३६ देह तपासले, पेशींतील २९५ भेद सापडले, पुन्हा तेवढेच देह तपासले, ५५८ भेद सापडले, आणि तेही उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंस असलेला भेद एकच धरून. या दुसऱ्या छत्तिसांत पुस्तकातील वर्णनाशी संपूर्ण जुळणारा देह एकही निघाला नाही. छत्तिसांत एकही नाही! हे वाक्य मी वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याने मला चाळीस वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी नेऊन सोडले.

मी आणि बहीण एकाच मास्तरांकडे पेटी शिकत होतो. पहिल्याच महिन्यात मास्तरांनी पाच बोटांचे पलटे घालून दिले, आणि त्यांचा शिरस्ता असा, की जे बोट पट्टीवर आहे त्याखेरीज दुसरे बोट हलता कामा नये. बहिणीची बोटे एकेक सुटी पडत. माझी करंगळी वाकली, की तिच्याबरोबर अनामिका वाके. अनामिका उचलावी तर मधले बोट तिला सोडीना. मास्तर मनाने वाईट नव्हते, पण त्यांच्या हाती छडी होती आणि त्यांची पक्की समजूत अशी होती, की आळशी मुलाची बोटे आळशी असतात. त्यांनी माझी अनामिका सुतळीने वर बांधून मला तासन्तास करंगळीने सूर धरावयास लावले. करंगळी काळीनिळी झाली, आणि दोन वर्षांनी मी पेटी सोडली. वडिलांनी, जे जिल्हाकचेरीत अव्वल कारकून होते आणि ज्यांना कोणतीही गोष्ट अर्धवट टाकलेली खपत नसे, त्या रात्री माझ्याशी बोलणे टाकले.

आता मला ठाऊक आहे, की करंगळीला मधल्या सांध्यात वाकविणारी जी वरच्या थरातील कंडरा, ती जवळजवळ एक तृतीयांश हातांत स्वतंत्रपणे काम करीत नाही. कोणात ती अनामिकेच्या कंडरेशी सांधलेली असते, कोणात इतकी बारीक असते की नसल्यात जमा, आणि कोणात खरोखरच नसते. पाहावयाचे असेल तर टेबलावर हात उताणा ठेवून दुसऱ्याकडून आपली इतर तिन्ही बोटे सरळ दाबून धरवावी आणि करंगळी मधोमध वाकविण्याचा यत्न करावा. माझी तशी वाकत नाही, उजवी नाही आणि डावीही नाही. मास्तरांची सुतळी ज्या अनामिकेला वर बांधीत होती, तिच्याशी माझी करंगळी आतून जन्मापासून बांधलेली होती.

अनामिकेची तऱ्हा आणखी निराळी. हाताच्या पाठीवर, बोटे उचलणाऱ्या कंडरांना आडव्या सांधणाऱ्या पट्ट्या असतात, आणि अनामिकेला त्या दोन्हीकडून धरून ठेवतात. कोणात त्या पडद्यासारख्या पातळ असतात, कोणात कंडरेइतक्याच जाड. तळहात टेबलावर पालथा ठेवून मधले बोट आत मुडपले, की अनामिका वर उचलण्याचा यत्न कितीही केला तरी ती जागची फारशी हलत नाही, कारण मुडपलेल्या बोटाबरोबर तिची दोरी पुढे ओढली गेलेली असते. संगीतकारांना हे बंधन शतकानुशतके छळीत आले आहे. रोबेर्ट शूमान याने तारुण्यात बोटासाठी एक यंत्र वापरले, उजव्या हाताचे बोट कायमचे निकामी झाले, आणि वादक होण्याची आकांक्षा त्याला सोडावी लागली. ते यंत्रामुळे झाले की मूळच्या दुखण्यामुळे यावर वैद्यांचा वाद अजून चालू आहे. १८८०च्या दशकात तर फिलाडेल्फियातील विल्यम फोर्ब्ज नावाचे शल्यविशारद पियानो वाजविणाऱ्यांच्या हातावर लहानशी चीर पाडून त्या आडव्या पट्ट्याच कापून देत आणि अनामिका ‘मुक्त’ करीत. हे वाचताना माझा हात आपोआप दुसऱ्या हाताखाली गेला. ज्या बंधनामुळे अनामिका एकटी उठत नाही त्याच बंधनामुळे, एखादी कंडरा तुटलीच तर, शेजारचे बोट तिला थोडेफार उचलून धरते. ते कापण्याची घाई ज्या काळाला झाली त्या काळाने हाताकडे पेटीमास्तरांच्याच डोळ्यांनी पाहिले होते असे मला वाटते.

आणखी एक सांधा आहे, तो मला लिहिताना जाणवतो. अंगठ्याचे टोक वाकवून करंगळीच्या मुळाकडे नेले असता माझ्या तर्जनीचे टोकही आपोआप वाकते, आणि ते मुद्दाम सरळ धरू गेल्यास मनगटाच्या वर एक बारीक कळ उठते. लिंबर्ग आणि कॉमस्टॉक या दोघांनी १९७९ साली याचे वर्णन केले. अंगठ्याला वाकविणाऱ्या लांब कंडरेचा एक धागा तर्जनीच्या कंडरेशी जुळलेला असतो, आणि त्यांनी तपासलेल्या माणसांपैकी शेकडा एकतिसांच्या किमान एका हातात हा सांधा होता. गर्भात हाताची बोटे सुटी होत असतात त्या काळात एकच मांसाचा गोळा हळूहळू फाटत जाऊन त्याच्या निरनिराळ्या पेशी होतात. जेथे ही वाटणी पुरी होत नाही तेथे असा एखादा धागा राहून जातो, भाऊबंदांच्या वाटपात मधली एखादी विहीर सामाईक राहावी तसा. कचेरीत खतावणीची पाने नक्कल करताना दुपारपर्यंत माझे मनगट भरून येई, आणि वडील म्हणत, की लेखणी धरण्याची तुझी रीतच चुकीची आहे. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते, मोडीतही आणि बाळबोधातही. त्यांच्या हयातीत मला हे ठाऊक असते तर मी त्यांचा हात हाती घेऊन, अंगठा वाकवा बाबा, एवढे म्हणालो असतो, आणि कदाचित आम्ही दोघेही त्या संध्याकाळी थोडे हलके झालो असतो.

अशा भेदांची यादी लांबविण्याचा माझा विचार नाही. कोणाच्या हाताच्या पाठीवर एक लहानशी अधिक पेशी असते, ती गाठ समजून कापावयास घेतली जाते. कोणाच्या मनगटात अंगठ्याच्या दोन कंडरा ज्या एकाच नळीतून जावयाच्या त्यांच्यामध्ये एक पातळ भिंत असते, आणि तान्हे मूल उचलून उचलून अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागलेल्या बाळंतिणीला दिलेले इंजेक्शन भिंतीच्या भलत्याच बाजूस पडून व्यर्थ जाते. त्या बाईला ‘दुखतंच कसं अजून’ म्हणून विचारले जाते, तेव्हा ते दुखणे खरे असते.

मात्र एका माणसाचा उल्लेख करावाच लागेल. कुष्ठरोगात कोपराजवळचा तंतू मरतो, हातातील लहान पेशी वाळतात, आणि बोटे पंजाप्रमाणे आखडतात. मग माणसाला भाकरीचा घास उचलता येत नाही, आणि तो घास उचलता न येणे हेच त्याच्या बहिष्काराचे चिन्ह होते. कार्टरने आपल्या मुंबईच्या काळात या रोगावर पुष्कळ लिहिले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी, पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णांत काम करीत असता, अशा आखडलेल्या बोटांसाठी नेमकी हीच पामॅरिस लाँगस वापरण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली: मनगटावरची ती पेशी घ्यावयाची, तिच्या टोकाला कंडरेची भर घालून चार फाटे करावयाचे, आणि चारही बोटांना एकेक फाटा द्यावयाचा. ग्रंथांनी जिला जवळजवळ निरुपयोगी ठरविले होते, जी असली काय आणि नसली काय, त्या दोरीवर चार बोटांचा भार सोपविला गेला, आणि माणसे पुन्हा भाकरी मोडू लागली. अशा प्रत्येक हातावर शस्त्र ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना तेच करावे लागे: समोरच्या माणसाला, ज्याच्या हाताला कित्येक वर्षांत कोणी शिवलेले नाही त्या माणसाला, हात पुढे करावयास सांगणे, तो आपल्या हातात घेणे, आणि तार उठते का ते वाकून पाहणे. अंगठा करंगळीला टेकविण्याइतके बळ त्या हातात उरलेले नसेल तर मनगट विरोधाला वाकवावयास लावून बोटांनी चाचपून शोधणे.

बहिणीची शस्त्रक्रिया श्रावणात झाली. डाव्या मनगटावर एक लहानशी आणि कोपराच्या खाली दुसरी अशा दोन चिरा पाडून ती तार काढून घेण्यात आली, आणि उजव्या अनामिकेच्या आत, जुन्या नळीतून ओवून, एक टोक बोटाच्या शेवटच्या हाडाला व दुसरे तळहातातील जुन्या कंडरेला शिवण्यात आले. पुढचे कित्येक आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. रोज सकाळी ती पाटावर बसून, ओठ घट्ट मिटून, ते बोट तसू तसू वाकवी, आणि आई देवघरातून तिच्याकडे पाहत राही. मार्गशीर्षात ते बोट तळहाताला लागले. पूर्वीइतके वाकत नाही, सकाळी थंडीत ताठरते. पण पेटीवरचे पलटे ती पुन्हा वाजविते, आणि अनामिकेवर आली म्हणजे लय किंचित सावकाश करते.

परवा संध्याकाळी मी तिला सहज म्हटले, हात दाखव पाहू. तिने पेटीचा भाता लावला, पदराला हात पुसले आणि दोन्ही हात माझ्यापुढे उताणे धरून अंगठे करंगळ्यांना टेकविले. उजवे मनगट होते तसेच, जन्माचे सपाट. डाव्यावर एक पांढुरकी, तिरपी खूण, आणि तिच्यामागे आता तेही सपाट. “दोन्ही सारखी झाली की रे, दादा,” ती म्हणाली, आणि उजवी मूठ हलकेच मिटली. तळहातात, अनामिकेच्या मुळाशी, त्वचेखालून ती तार किंचित वर आली.